पन्नाशीनंतरचा पहारा

(वाचनासाठीं: गणना, अध्याय ८, ओव्या २३ ते २६)

लेव्यांविषयीं परमेश्वरानें मोशाला जे नियम दिले, त्यांत एक लहानशी तरतूद आहे. वाचतांना आपण बहुधा तिच्यावरून पुढें निघून जातों. पन्नास वर्षें पुरीं झालीं म्हणजे लेव्यानें दर्शनमंडपाच्या कामाचा भार खालीं ठेवावा. पण म्हणून तो घरीं बसत नाहीं. कष्टाचें काम सुटतें. भावांबरोबर पहारा करणें मात्र त्याच्याकडे राहतें.

आमच्या मंडळ्यांत वृद्ध उपदेशक निवृत्त होतो तेव्हां काय घडतें? हार, शाल, चार भाषणें, चहा. पुढच्या रविवारीं तो मागच्या सतरंजीवर बसतो, व त्याला कोणी कांहीं विचारीत नाहीं. अशा सभांत आम्हींही गोड भाषणें केलीं आहेत, आणि मग सहा सहा महिने त्या माणसाच्या दारीं गेलों नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

येथें एका अशा गृहस्थांची आठवण होते, जे आपल्या मंडळींतले नव्हते: महर्षि धोंडो केशव कर्वे. तरी एक धागा आपल्या घराकडचा आहे. ज्या विधवा गोदूबाईंशीं त्यांनीं १८९३ सालीं विवाह केला, त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनांत शिकलेल्या होत्या. या विवाहाबद्दल मुरुडच्या गांवकऱ्यांनीं कर्व्यांना वाळींत टाकलें. वाळींत पडणें म्हणजे काय, हें आपल्यांतील पुष्कळांना सांगावयास नको.

कर्वे फर्ग्युसन कॉलेजांत १८९१ पासून गणित शिकवीत. १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं अनाथ बालिकाश्रम काढला, व पत्नीमुलांसाठीं उतरविलेली पांच हजारांची विम्याची पॉलिसी त्याला देऊन टाकली. गोदूबाईंना तेव्हां काय वाटलें असेल? चरित्रें नवऱ्याचा त्याग मोजतात. बायकोचा तिच्या चुलीलाच ठाऊक. आश्रम पुढें हिंगण्यास गेला तेव्हां कर्वे पावसाचिखलांतून रोज पायीं ये-जा करीत.

१९१४ सालीं, छप्पन्नाव्या वर्षीं, त्यांनीं कॉलेज सोडलें. दुसऱ्या कोणाची गोष्ट येथें संपली असती. कर्व्यांनीं १९१६ सालीं स्त्रियांसाठीं विद्यापीठ स्थापिलें, तेंही मातृभाषेंतून शिकविणारें. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं त्याला पंधरा लाख रुपये देऊं केले व त्यांच्या मातोश्रींचें नांव विद्यापीठास मिळालें, हें सर्वांना माहीत असतें. आम्हांला मात्र त्याआधींचीं चार वर्षें मोठीं वाटतात, जेव्हां साठीला आलेला हा माणूस गांवोगांव फिरून लहान लहान वर्गण्या गोळा करीत होता. विद्यापीठाला कायद्याची मान्यता १९५१ सालीं मिळाली. तोंवर ज्या मुली तेथें शिकल्या, त्यांनीं केवळ विश्वासावर आपल्या उमेदीचीं वर्षें दिलीं.

एकाहत्तराव्या वर्षीं ते या कामासाठीं परदेशीं निघाले. आणि १९३६ सालीं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, ज्या खेड्यांत शाळा नव्हती तेथें शाळा काढण्यासाठीं त्यांनीं नवी संस्था उभारली, तिच्यासाठीं पुण्यांत हिंडून पुन्हा वर्गणी मागितली. तोंवर विद्यापीठाचा रोजचा कारभार दुसऱ्यांच्या हातीं होता. लेव्यानें ओझें तरुणांना दिलें होतें, पण डोळे मिटले नव्हते. १९५८ सालीं, शंभराव्या वर्षीं, त्यांना भारतरत्न ही पदवी मिळाली. १९६२ सालीं ते वारले.

आतां ज्या मंडळींत लवकरच निरोपाची सभा व्हावयाची आहे, तेथील पंचांस आमची विनंती आहे. हाराला पैसे जमवा, त्यांत कांहीं वाईट नाहीं. पण सभेच्या आदल्या संध्याकाळीं दोघांनीं त्या वृद्धाच्या ओसरीवर जाऊन बसावें आणि विचारावें: बाबा, रात्रशाळेची वही आम्ही धरतों, त्या मुलांपैकीं कोणावर तुम्ही नजर ठेवाल?