‘सकारात्मक राहा’ असे म्हणण्याआधी



आपल्यापैकी कुणाला हार्ट अटॅक आला किंवा कुणाची बायपास झाली, की तासाभरात ग्रुपवर संदेश सुरू होतात. लवकर बरे व्हा, टेन्शन घेऊ नका, सकारात्मक राहा. भावना चांगलीच असते. पण या शेवटच्या सल्ल्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. मन खंबीर ठेवले की हृदय बरे होते असे आपण मानले, तर जो बरा झाला नाही त्याचे मनच कमकुवत होते, असेही आपण मानतो का?

आधी वस्तुस्थिती पाहू. मन आणि हृदय यांचा संबंध आहे, हे खरे. १९९३ साली मॉन्ट्रियलमधील संशोधकांनी हार्ट अटॅकमधून वाचलेल्या २२२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना रुग्णालयातच नैराश्याने गाठले होते, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त आढळले. कारणे समजण्यासारखी आहेत. खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, चालायला जात नाही, सिगारेटकडे परत वळतो. शिवाय सततच्या ताणाचा परिणाम थेट शरीरावरही होतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. अमेरिकेत २,४८१ रुग्णांवर ‘एनरिच्ड’ नावाची मोठी चाचणी झाली. अटॅकनंतर नैराश्य किंवा एकटेपणा असलेले हे रुग्ण होते. त्यांच्यापैकी एका गटाला मानसोपचार आणि गरजेनुसार औषधे दिली. २००३ साली निष्कर्ष आला. त्या गटाचे नैराश्य काही प्रमाणात कमी झाले, परंतु मृत्यू आणि दुसरा अटॅक यांचे प्रमाण घटले नाही. आपल्यातले अनेकजण आयटीत आहेत, त्यांना हे लगेच कळेल. दोन गोष्टी सोबत दिसतात, म्हणून एक दुरुस्त केली की दुसरी आपोआप दुरुस्त होत नाही. नैराश्यावर उपचार करायलाच हवेत, कारण नैराश्य हे स्वतःच दुःख आहे. मात्र त्याच्या बदल्यात आयुष्याची हमी कुणी देऊ नये.

आता धम्माकडे येऊ. संयुत्त निकायात सिवक नावाचा परिव्राजक तथागतांना विचारतो, की माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्माचेच फळ आहे, असे काहीजण सांगतात; हे खरे का? तथागत ते मान्य करीत नाहीत. पित्त, कफ, वात, ऋतूंचा बदल, आघात अशी अनेक कारणे ते मोजून दाखवतात. कर्म हे त्यांतले फक्त एक. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत तपासून नाकारला. गरिबाच्या अवस्थेचा दोष त्याच्यावरच ढकलला, की समाज जबाबदारीतून मोकळा होतो, हे त्यांनी ओळखले होते.

तुमच्या आजाराला मागच्या जन्मीचे पाप कारणीभूत आहे, असे कुणी म्हटले तर आपण उसळून उठू. मग ‘तो फार निगेटिव्ह होता, म्हणून सावरला नाही’ हे वाक्य आपण निमूट कसे ऐकतो? दोन्ही वाक्यांचा साचा एकच आहे. आपल्या दक्षिण आशियाई लोकांना हृदयरोग तुलनेने कमी वयात गाठतो. त्यामागे आनुवंशिकता आहे, मधुमेह आहे, बैठे काम आहे. सगळा हिशेब विचारांच्या नावावर मांडणे हा अन्याय आहे.

मग मनाची साधना कशासाठी? नकुलपिता नावाचा वृद्ध, आजारी गृहस्थ तथागतांकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला शिकवले, की शरीर व्याधीग्रस्त असले तरी मन व्याधीग्रस्त होणार नाही असा अभ्यास कर. लक्षात घ्या, मन सांभाळलेस तर शरीर बरे होईल, असे वचन त्यांनी दिले नाही. मनाची शांती ही बरे होण्याची किंमत नव्हे. आपण बरे होवो अथवा न होवो, ती मोलाचीच आहे.

आणि आपण, म्हणजे आजूबाजूच्यांनी काय करायचे? विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तथागतांनी त्याला धीर धरण्याचा उपदेश केला नाही. त्यांनी पाणी मागवले, आनंदसोबत त्याला स्वच्छ केले, उचलून अंथरुणावर ठेवले. मग संघाला सांगितले, की इथे तुमची सेवा करायला आई-वडील नाहीत. तुम्हीच एकमेकांची केली नाही तर कोण करणार? परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

इथे हार्ट अटॅकनंतर साधारण १२ आठवड्यांत ३६ सत्रांचे कार्डियाक रिहॅब सुचवले जाते. गाडी चालवायला मनाई, जोडीदार कामावर, मुले शाळेत. मग अनेकांची सत्रे बुडतात. तेव्हा तुमच्या परिचयातले कुणी आजारी असेल, तर त्याला रिहॅबला घेऊन जा. कमी मिठाचा डबा द्या. तो रडला तर त्याला दुरुस्त करू नका, जवळ बसा. तुम्ही स्वतः आजारी असाल आणि उदासी दोन आठवडे हटत नसेल, तर डॉक्टरांना सांगा. त्यात कमीपणा नाही आणि तो तुमचा दोषही नाही.

पुढच्या वेळी ‘सकारात्मक राहा’ लिहिण्याआधी एवढेच विचारा: मंगळवारी रिहॅबला तुम्हाला कोण सोडणार आहे?

नमो बुद्धाय. जयभीम.