सकळ लिपी ते क्वांटम चिप: गुपिताचा आधार

गुपिताची राखण माणसाच्या निष्ठेवर सोपवावी की निसर्गाच्या नियमावर, हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. परभणी जिल्ह्यातील चारठाण्याची हेमाडपंती मंदिरे ज्या यादवकाळाची आठवण देतात, त्याच काळात महानुभाव पंथ उदयाला आला. पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी, वज्र अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. रवळोबासांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे येते आणि तिची किल्ली पंथातल्यांकडेच असे. कित्येक शतके ही निष्ठा अभंग राहिली, ही असामान्य गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी लिपी उलगडली आणि आद्य मराठी गद्याचा ठेवा अभ्यासकांना खुला झाला. मात्र पोथी परक्याने वाचली किंवा उतरवून घेतली, तरी तिच्यावर त्याची खूण राहत नाही. लिपी कितीही अवघड केली तरी ही उणीव तशीच राहते.

चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी 1984 मध्ये मांडलेली किल्ली पाठवण्याची पद्धत हीच उणीव दूर करते. तिच्यात किल्लीचा एकेक अंक एकेका प्रकाशकणाच्या क्वांटम अवस्थेतून जातो. अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल होत नाही, हे 1982 मध्ये सिद्ध झाले होते. चोरून मोजणाऱ्याच्या हातून अवस्था बिघडते, चुका वाढतात आणि ती किल्ली टाकून देता येते. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी 2017 मध्ये हे काम चिपवर करून दाखवले. भारतात डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी 2022 मध्ये प्रयागराज ते विंध्याचल अशी 100 किलोमीटरहून लांब जोडणी यशस्वी केली.

तरीही माणसावरचा विश्वास सुटत नाही. नियम निर्दोष असला तरी चिप माणसाने घडवलेली असते. प्रखर प्रकाशाने ग्राहकयंत्र आंधळे करून किल्ली चोरता येते, हे 2010 मध्ये दाखवले गेले. दुसरी अडचण अधिक खोल आहे. प्रकाशकण चोरी उघड करतो, पण पलीकडे कोण बसले आहे हे सांगत नाही. मधला माणूस दोन्हीकडे खोटी ओळख देऊ शकतो. म्हणून दोन्ही टोकांकडे एखादे छोटे सामायिक गुपित किंवा खात्रीची ओळख आधीपासून असावी लागते. पंथात ही ओळख दीक्षेने मिळे. भौतिकशास्त्राजवळ तिला पर्याय नाही. बँक असो वा लष्कर, अशी यंत्रणा उभारणाऱ्याने पहिले गुपित कोणी कोणाच्या हाती दिले, याची जबाबदारी आधी निश्चित करावी.