खाटेपर्यंत जाणारी शाळा

आजारामुळे वर्गापासून तुटलेल्या मुलाला उपचाराच्या जागीच त्याच्या इयत्तेचा अभ्यास शिकवणे म्हणजे रुग्णालयातील शिक्षण. हाड मोडून महिनाभर पडून राहिलेले मूल मागाहून अभ्यास भरून काढते. खरी अडचण रक्ताच्या कर्करोगासारख्या आजारात येते. त्याचे उपचार बहुधा दोन-तीन वर्षे चालतात आणि सुरुवातीचे कित्येक महिने शाळा जवळपास बंदच असते.

सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचा असा रुग्ण सहसा आधी मिरज गाठतो. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय काढले, तेव्हापासून मिरजेची ओळखच दवाखान्यांची. पुढे अनेकांना मुंबईचे टाटा रुग्णालय गाठावे लागते. तिथे बाहेरगावच्या कुटुंबांना २००६ पासून मोफत निवारा देणाऱ्या सेंट ज्यूड संस्थेने मुक्कामातच मुलांच्या अभ्यासाचीही सोय केली.

हे शिकवणे वेगळेच. तास जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा, तोही सलाइन आणि डॉक्टरांचा राऊंड सांभाळून. सुई शक्यतो लिहित्या हाताला नको, हे नर्सला आधी सांगून ठेवावे लागते. व्हिन्क्रिस्टीन या औषधाने बोटांच्या नसा अधू होऊ शकतात. अक्षर बिघडले म्हणून मुलाला रागावणाऱ्या शिक्षकाला एवढे तरी ठाऊक असावे.

कायदा इथे तोकडा पडतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापुरता, म्हणजे दहावीचे मूल त्याबाहेर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आले, कर्करोग आला नाही.

मूल शाळेत येत नसेल तर शाळाच मुलाकडे न्यावी, हे साखरपट्ट्याला नवे नाही. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी कारखान्यांजवळ साखरशाळा भरल्या, स्थलांतरित मुलांसाठी शासनाने शिक्षण हमी पत्रक आणले. सगळ्याच साखरशाळा धड चालल्या असे नाही, पण वाट पडली. तसेच पत्रक आजारी मुलाच्या फाइलला जोडावे: कुठवर शिकवून झाले, वर्गशिक्षक कोण, त्यांचा फोन कोणता. पटावरचे नाव उपचार संपेपर्यंत कमी करू नये. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. जिल्हा परिषदेने मिरजेच्या शासकीय रुग्णालयात एक शिक्षक नेमून सुरुवात करावी.