पंगतीच्या कडेला

जेवणाच्या टेबलाभोवती घडणारे नाट्य हा युरोपीय ऐतिहासिक कादंबरीचा हक्काचा ऐवज आहे. टोमास मान यांच्या 'बुडेनब्रूक्स' (१९०१) या कादंबरीचा आरंभ ल्यूबेक शहरातील एका व्यापारी घराण्याने १८३५ साली नव्या वास्तूत दिलेल्या मेजवानीने होतो आणि त्या एका संध्याकाळीच घराण्याचे वैभव व त्याच्या आतली भाऊबंदकी या दोन्ही गोष्टी वाचकाच्या ध्यानात येतात. तेथे स्त्रिया आणि पुरुष समोरासमोर, एकाच उंचीवर बसतात व बोलणे हा जेवणाचाच भाग मानला जातो, म्हणून लेखकाने संवाद लिहिला की प्रसंग आपोआप उभा राहतो.

मराठी घरात ही सोय नव्हती. पाट मांडलेले, पाने वाढलेली, पानाभोवती पाणी फिरवून चित्राहुती (म्हणजे पानाशेजारी ठेवलेले भाताचे लहान घास) घातल्यावर शक्यतो मौनाने जेवायचे, आधी पुरुष व मुले आणि सर्वांची जेवणे उरकल्यावर स्त्रिया, अशी ज्या पांढरपेशा घराची रीत होती, त्या घरात नवरा-बायकोचा ताटावरचा वाद लिहिणे म्हणजे काळाचा विपर्यास करणे होय. तरीही आजच्या ऐतिहासिक मालिकांत राजे आणि राण्या चौरंगाशी बसून मनसोक्त बोलतात. दिग्दर्शकाने टेबलाचे पाय तेवढे कापलेले असतात. गंभीर लेखकांनी बहुधा दुसरी वाट धरली. त्यांनी संघर्ष सदरेवर, देवघरात किंवा शयनगृहात नेला आणि जेवणाला रांगोळी, समया व पक्वान्नांची यादी एवढ्यावर बोळवले. या दोन्ही वाटांनी हाती असलेले नाट्य निसटते, कारण मराठी पंगतीतील ताण जेवणाऱ्यांच्या बोलण्यात नसून पंगत पाहणाऱ्याच्या, वाढणाऱ्याच्या आणि पंगतीबाहेर ठेवलेल्याच्या नजरेत असतो.

याचा उत्तम दाखला सोलापूर जिल्ह्याच्या मातीतला आहे. मंगळवेढ्याच्या चोखामेळ्याची जी कथा महिपतीने 'भक्तविजय' (१७६२) या संतचरित्रग्रंथात सांगितली, तिच्यात विठ्ठल चोखोबाबरोबर जेवायला बसतो, वाढताना चोखोबाच्या पत्नीकडून दही सांडते, देवाचा पीतांबर भिजल्याचे चोखोबा बोलून जातो आणि ते शब्द ऐकणारा ब्राह्मण चोखोबाच्या थोबाडीत मारतो. पुढे देवळातल्या मूर्तीचा गाल सुजलेला व वस्त्र दह्याने भिजलेले आढळते. जेवणाऱ्या दोघांत येथे काहीच तंटा नाही. सारा प्रसंग तिसऱ्या माणसाच्या कानावर उभा आहे आणि त्याला गती मिळते ती वाढणाऱ्या बाईच्या हातून सांडलेल्या दह्याने. भक्तिकथा म्हणून ही गोष्ट शेकडो कीर्तनांत सांगितली गेली, पण तिची रचना एखाद्या कसबी नाटककाराची आहे हे क्वचितच लक्षात घेतले जाते.

नेमकी हीच रचना सव्वाशे वर्षांनंतर पुण्यात प्रत्यक्ष घडली. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आला. काहींनी तो घेतला, काहींनी पेला नुसता हाती घेऊन खाली ठेवला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणेवैभव' पत्रात छापवून आणताच ग्रामण्य उठले, म्हणजे जातिधर्माचा आचार मोडल्याच्या आरोपावरून बहिष्काराचा वाद सुरू झाला. टिळक आणि न्यायमूर्ती रानडे एरवी एका मताचे होणे कठीण, पण त्या यादीत दोघेही होते. प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. परधर्मीयाच्या हातचे न खाण्याचा, म्हणजे रोटीव्यवहाराचा, नियम मनातून किती जणांनी मानला होता हे तो न प्यालेला पेलाच सांगतो: उचलला तर यजमानाचा मान राहतो, ओठांना लावला नाही तर जातीचा. या यादीमागचे गोपाळराव म्हणजे श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीतले गोपाळरावच.

तपशिलाच्या अचूकतेचा प्रश्न यापुढचा, आणि तुलनेने सोपा. सोलापूर जिल्ह्यातल्याच वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वर मंदिराच्या परिसरात यादव राजा रामचंद्राच्या काळातले शिलालेख आहेत; त्या काळावर कोणी कादंबरी लिहिली आणि तिच्यातल्या भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा किंवा सोलापूरची शेंगाचटणी वाढली, तर ती फसेल, कारण मिरची व भुईमूग ही दोन्ही अमेरिका खंडातली पिके पोर्तुगीजांच्या आगमनानंतरच इकडे आली. तिखटासाठी त्या स्वयंपाकघरात मिरी आणि पिंपळी होती. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि साध्या माणसांच्या खाण्यापिण्याची चाहूल महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'त लागते. मात्र ताटातला पदार्थ बरोबर आणि बसण्याचा क्रम चुकीचा, अशी कादंबरी उलट्या चुकीच्या कादंबरीपेक्षा अधिक खोटी ठरते. आषाढी वारीत ज्ञानेश्वरांची पालखी वेळापुरी मुक्कामाला येते तेव्हा प्रत्येक दिंडीचा स्वयंपाक आणि पंगत वेगळी असते. एका गावात, एका रात्री, इतक्या निरनिराळ्या पंगती दुरून पाहता येणे ही ऐतिहासिक लेखकासाठी मोठी पाठशाळाच आहे.

पंगतीच्या कडेची नजर कोठून मिळवायची, याचे उत्तर मराठीत १९१० पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे. रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात पती न्यायमूर्ती रानडे यांच्या सार्वजनिक जीवनाइतकेच घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे, शिकण्याला झालेला विरोध आणि माजघरातले अबोले नोंदवले. सुधारकांचा वाद दिवाणखान्यात चाले आणि त्याची किंमत स्वयंपाकघरात मोजली जाई, हे त्यात स्पष्ट दिसते. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' (१९०९) या नाटकापासून मराठी लेखकांना राजघराण्यातील कलह रंगवण्याची सवय आहे. पण त्या घराण्यांत वाढपी कोण होते, कोणाचे पान कोणाच्या शेजारी मांडले जाई आणि मागाहून जेवणाऱ्या स्त्रियांनी आदल्या पंगतीत काय ऐकले होते, या प्रश्नांवर बेतलेली मोठी ऐतिहासिक कादंबरी अजून लिहिली जायची आहे.