जन्मवेळेचा अधिकार
जन्मवेळ ललाटी लिहिलेली असते, या श्रद्धेने पंचांग उघडणाऱ्या आपण ऑकलंडचे संशोधक ग्रॅहॅम लिगिन्स यांच्या मेंढ्यांकडे एकदा आदराने पाहावे. गर्भस्थ कोकराची पीयूषिका ग्रंथी निकामी केली, तेव्हा मुदत उलटूनही प्रसूती होईना. दुसऱ्या गर्भस्थ कोकराला कॉर्टिसॉल हे संप्रेरक दिले, तेव्हा ती अकाली झाली. म्हणजे तेथे हुकूम सुटतो तो मातेकडून नव्हे, गर्भाकडून. मानवात हा कारभार अधिक गूढ, वारेचाही त्यात हात असतो. परंतु अशा उपचाराने अकाली जन्मलेल्या कोकराची फुप्फुसे, अपेक्षेविरुद्ध, काही अंशी हवेने फुललेली आढळली, आणि त्यातूनच मातेला कॉर्टिसॉलसारख्या औषधाचे इंजेक्शन देऊन अपुऱ्या दिवसांच्या बालकाचा श्वास सांभाळणारा, १९७२ साली प्रसिद्ध झालेला उपचार निघाला. दैवाला यात उणेपणा येतो, असे मला वाटत नाही. दैव मानणाऱ्यानेही ३७ आठवड्यांपूर्वी कळा येताच प्रथम रुग्णालय गाठावे.