आंब्याला पत्ता मिळाला, पुढं काय?

दिवाळी सरली की वाशीच्या फळबाजारात हापूस दिसू लागतो. तो असतो मालावीचा. कोकणातून नेलेल्या काड्यांपासून आफ्रिकेत उभ्या राहिलेल्या बागांचा हा माल ‘मालावी हापूस’ म्हणूनच विकला जातो आणि घेणाराही जाणूनबुजून पैसे मोजतो. लबाडी सुरू होते ती पुढं, कोकणचा हंगाम लागला की. कर्नाटकातला आंबा देवगडच्या खोक्यात बसतो. खोक्यावर ‘देवगड’ छापायला कुणाला विचारावं लागत नाही.

ऑक्टोबर 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पाच जिल्ह्यांबाहेरच्या आंब्याला ‘हापूस’ म्हणता येणार नाही, असं कायद्यानं ठरलं. पण हातगाडीवर कायदा दाखवायचा कुणी? देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेनं त्यावर 2025 च्या हंगामात उपाय काढला. संस्थेच्या बागायतदारांच्या प्रत्येक फळावर सील. सीलवर एक नंबर, आणि ते उचकटल्यावरच दिसणारा दुसरा. गिऱ्हाइकानं सीलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, विचारलेला आतला नंबर कळवायचा, की आंबा कुणाच्या बागेतला, कुठल्या गावचा, हे उत्तर येतं. एकदा निघालेलं सील दुसऱ्या फळावर चालत नाही.

या व्यवस्थेतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट फोनमध्ये नाही, हिशेबात आहे. ज्याची जितकी कलमं आणि जितकं उत्पन्न, तितकीच सीलं त्याला मिळतात. म्हणजे शेजारच्या राज्यातला ट्रक रात्री बागेत रिकामा करून सकाळी त्याला ‘देवगड’ म्हणायचं, ही वाट खुद्द बागायतदारालाही बंद होते. आपल्याच माणसांवर असा लगाम घालायला सहकारी संस्थेला धैर्य लागतं. मानांकनाचा कागद सरकारकडून मिळतो, पत मात्र अशी कमवावी लागते.

तरीही सील फक्त ‘कुठला’ ते सांगतं. ‘कसा’ ते सांगत नाही. आणि हापूसचं सगळं मोल ‘कसा’ यातच आहे. चौदा आणे तयार झालेलं फळ सकाळच्या गारव्यात झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, उतरवायचं, तेही देठासकट. देठ मुळातून तुटला तर चीक सालीवर ओघळतो आणि पिकताना तिथंच काळा डाग उठतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला याचसाठी आला. उतरवलेलं फळ तापल्या कातळावर ठेवलं तर आत साका होण्याची, म्हणजे गर पांढरट आणि स्पंजासारखा पडण्याची भीती, म्हणून सावली शोधायची. मग भाताच्या पेंढ्यात आढी. आठ-दहा दिवस रोज हात फिरवून, वास घेऊन, पिकलेलं बाजूला काढायचं. बारा आण्यांवर तोडलेला आंबाही पिवळा होतो, पण त्याला ती गोडी येत नाही. आणि त्याच्यावरही खरंखुरं सील असू शकतं, कारण तोही देवगडचाच असतो!

तो लवकर का तोडला जातो? आपण पाडव्याला मागतो म्हणून. सिंधुदुर्गातून, कधी मालवणजवळच्या कुंभारमाठातून, पहिली पेटी वाशीला गेली की तिची बातमी होते, तिची पूजा होते, आणि तिचा भाव मे महिन्यातल्या पेटीच्या कितीतरी पट असतो. हा भाव बागायतदाराला काय शिकवतो? फळ पिकवायला कार्बाइड वापरण्यावर बंदी आहे, इथिलीनला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे, नियम सगळे आहेत. पण गिऱ्हाईक तोंडानं ‘नैसर्गिक’ मागतं आणि पैसा ‘लवकर’ला मोजतं, तेव्हा बागेपासून दुकानापर्यंतचा प्रत्येक जण पैशाचंच ऐकतो. ब्रँड कसा घडतो यावर बोलणाऱ्यांनी इथं थांबून विचार करावा असं मला मनापासून वाटतं: जाहिरातीत लिहिलेली मूल्यं पेटीत उतरत नाहीत, ज्यांचे पैसे मिळतात तीच उतरतात.

आणि ती उतरतात, यालाही पुरावा आहे. फळमाशीमुळं युरोपीय संघानं मे 2014 पासून भारतीय आंबा बंद केला. 2015 च्या सुरुवातीला बंदी उठली, पण निर्यातीच्या आंब्याला उष्णजल प्रक्रिया चुकेना: 48 अंशांच्या पाण्यात तासभर. अमेरिकेनं 2007 साली दार उघडलं तेच विकिरणाच्या अटीवर. दोन्ही अटी खर्चिक होत्या, तरी त्या पाळल्या गेल्या. परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी जी साखळी वळते ती दादरच्या आणि कोथरूडच्या गिऱ्हाइकासाठी वळणार नाही असं कोण म्हणेल?

इटलीत पार्मिजानो रेज्जानो नावाचं चीज आहे. त्याच्या प्रत्येक चक्रावर क्रमांकाची चकती बसवतात, आपल्या सीलसारखीच. पण तिथल्या उत्पादक संघाचे नियम चकतीवर संपत नाहीत. गाईला मुरघास घालायचा नाही, चीज किमान बारा महिने मुरवायचं, मग तपासनीस हातोडीनं ठोकून आवाज ऐकणार, आणि नापास झालं तर सालीवरची नावाची खूण खरवडून टाकणार. नाव गावाचं असतं, पण वापरायचा हक्क कामानं मिळवावा लागतो.

देवगडलाही हे जमण्यासारखं आहे. कलमांची मोजदाद झालेली आहे, फळाला नंबर आहे, उत्तर देणारी यंत्रणा आहे. त्या उत्तरात तोडणीची तारीख आणि आंबा आढीत पिकवला की इथिलीनवर, एवढ्या दोन ओळी वाढवाव्यात. आणखी एक ओळ मला हवी आहे, जी मागायला अजून कुणी गिऱ्हाईक पुढं आलेलं नाही. कोकणातल्या कितीतरी बागांची राखण, फवारणी आणि तोडणी नेपाळहून आलेले मजूर करतात. हंगामभर ते कलमांखालच्या खोपीत राहतात. त्यांना मजुरी काय, फवारताना तोंडाला फडकं आहे की खरा मास्क, उंच फांदीवरून पडल्यास विमा आहे का? डझनाला हजार रुपये मोजणाऱ्याला हे विचारण्याचा हक्क आहे, आणि प्रामाणिक बागायतदाराला ते सांगण्यात फायदाच आहे, कारण ही माहिती कर्नाटकातला ट्रक देऊ शकत नाही.

सुरुवात कुठून करायची तेही स्पष्ट आहे. मुंबई-पुण्यातल्या अनेक सोसायट्या 2020 च्या टाळेबंदीपासून थेट बागायतदाराकडून पेट्या मागवतात. यंदा मागणी नोंदवताना त्यांनी एवढंच लिहावं: पाडव्याला नको, फळ चौदा आणे झाल्यावर पाठवा, एप्रिलअखेर चालेल, आणि दर मात्र पाडव्याचा लावा.