वर्तन विश्लेषकाला पात्र कोण ठरवणार?

१९७२ साली अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या मायामीचं 'सनलँड ट्रेनिंग सेंटर' गाजलं ते तिथल्या क्रौर्यामुळे. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीची ही सरकारी निवासी संस्था. चौकशी झाली तेव्हा उघड झालं, की वर्तन सुधारण्याच्या नावाखाली रहिवाशांना लाकडी फळीने मारलं जाई, उपाशी ठेवलं जाई, कोंडलं जाई. हे कोणी लपूनछपून करत नव्हतं. बक्षीस आणि शिक्षेच्या एका आखीव कार्यक्रमातून ते वाढत गेलं होतं. कार्यक्रमाला शास्त्राची परिभाषा होती; तो रोज राबवणाऱ्या कर्मचाऱ्यांना पुरेसं शिक्षण नव्हतं आणि त्यांच्यावर जाणत्याची नजरही नव्हती.

वर्तनामागचं कारण शोधून ते बदलण्याचं शास्त्र म्हणजे वर्तन विश्लेषण. त्यातल्या व्यावसायिक मान्यतेचा इतिहास इथून सुरू होतो. त्या प्रकरणानंतर फ्लोरिडाने नियम केले, पुढे परीक्षा सुरू केली. १९९८ मध्ये जेराल्ड शूक यांच्या पुढाकाराने 'बिहेवियर ॲनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्ड' स्थापन झालं आणि त्याचं 'बीसीबीए' हे प्रमाणपत्र जगभर प्रमाण मानलं जाऊ लागलं. त्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते, ठरलेल्या विषयांचे ३१५ तास लागतात, अनुभवी विश्लेषकाच्या देखरेखीखाली दीड ते दोन हजार तासांचं प्रत्यक्ष काम लागतं आणि मग परीक्षा.

या यादीतली सर्वांत मोलाची अट देखरेखीची. ती का, हे एका साध्या प्रसंगातून दिसतं. स्वमग्न मुलासमोर पझल ठेवलं की ते किंचाळतं, स्वतःच्या डोक्यावर हात आपटून घेतं. नवशिका थेरपिस्ट शिक्षा म्हणून त्याला दोन मिनिटं कोपऱ्यात बसवतो. मूल शांत होतं, थेरपिस्टला वाटतं उपाय लागू पडला. प्रत्यक्षात मुलाला पझलपासून सुटका हवी होती आणि ती मिळाली. उद्या ते अधिक जोरात डोकं बडवेल. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवून दिलं, की स्वतःला इजा करण्याचं हेच वर्तन एका मुलात लक्ष वेधण्यासाठी असतं, दुसऱ्यात नकोशा कामातून सुटण्यासाठी, तर तिसऱ्यात निव्वळ आतल्या संवेदनेसाठी. कारण शोधल्याशिवाय उपाय ठरवायचा नाही, हा धडा पुस्तकात दोन ओळींचा आहे. हातात मुरायला मात्र शेकडो सेशन लागतात, आणि प्रत्येक चुकीच्या वेळी शेजारी कोणी तरी असावं लागतं.

भारतातही अनेकांनी हे प्रमाणपत्र मिळवलं. देशात या विषयाची स्वतंत्र मान्यता नव्हती, म्हणून परदेशी बोर्डाचाच आधार होता. मग बोर्डाने आपलं काम मुख्यतः अमेरिका आणि कॅनडापुरतं आवरतं घेतलं. १ जानेवारी २०२३ पासून भारतात राहणाऱ्यांना नव्याने अर्ज करता येत नाही. आधी प्रमाणपत्र मिळालेले ते टिकवू शकतात. मागून येणाऱ्यांची वाट बंद झाली. पर्यायी आंतरराष्ट्रीय संस्था आहेत, पण त्यांच्या अटी वेगवेगळ्या. मुंबई-पुण्यातल्या पालकाने सेंटरच्या भिंतीवरची इंग्रजी आद्याक्षरं वाचून त्यातला फरक ओळखावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. १९९२ च्या कायद्याने उभी राहिलेली भारतीय पुनर्वास परिषद विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी करते. वर्तन विश्लेषक या व्यवसायाला मात्र त्या कायद्यात स्वतंत्र जागा मिळाली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला २१ दिव्यांगत्वांमध्ये स्थान दिलं, म्हणजे गरज मान्य झाली. आणि २०२१ च्या राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत, वर्तनविषयक आरोग्य व्यावसायिकांच्या गटात, वर्तन विश्लेषकाचं नाव स्पष्टपणे आलं. ही मोठी गोष्ट आहे आणि तिची व्हावी तेवढी चर्चा झालेली नाही.

या कायद्यात आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३,६०० तासांची अट आहे. पण या विषयात नुसती तासांची बेरीज पुरेशी नाही. म्हणून पहिली अट देखरेखीची: त्यांतले किती तास मुलाबरोबर, किती वरिष्ठाच्या डोळ्यांसमोर, आणि त्या वरिष्ठाची पात्रता कोणी तपासली, यावर पदवीची मान्यता ठरायला हवी. वर्गात शिकवून मोकळं होणारा अभ्यासक्रम मान्यतेस पात्र ठरू नये, मग विद्यापीठ कितीही मोठं असो.

दुसरी अट भाषेची. पाणी मागायला शिकणारं नाशिकचं मूल घरी आईकडे मराठीतच मागणार आहे. त्याला सेशनमध्ये केवळ इंग्रजी शब्द शिकवले तर ते कौशल्य सेंटरच्या दाराबाहेर येत नाही. महाराष्ट्रातल्या अभ्यासक्रमात मुलाच्या घरच्या भाषेत काम करून दाखवणं हा परीक्षेचाच भाग असला पाहिजे.

तिसऱ्या अटीबद्दल व्यवसायातली मंडळी अनेकदा बोलायचं टाळतात. लहानपणी वर्तन विश्लेषणावर आधारलेली थेरपी घेतलेल्या अनेक स्वमग्न प्रौढांनी तिच्यावर गंभीर आक्षेप घेतले आहेत: नजरेला नजर देण्याची सक्ती, हात हलवण्यावर बंदी, चार माणसांसारखं दिसण्याचा अट्टहास. अभ्यासक्रम तपासणाऱ्या समितीत अशा प्रौढांना आणि पालकांना मताचा अधिकार हवा. राहिला प्रश्न पहिल्या अटीतल्या वरिष्ठांचा. देखरेख करू शकतील असे २०२३ पूर्वी प्रमाणित झालेले विश्लेषक आज देशात काम करत आहेत. ते कामात आहेत तोवर त्यांची नोंदणी करून पहिल्या तुकड्या त्यांच्या हाताखाली तयार करणं आयोगाला शक्य आहे.